अक्काची शेगडी आणि माझं गाठोडं

आमच्या घरात आग लागली तेव्हा बादली घेऊन सगळ्यात आधी मी धावलो, आणि मी आग विझवलीही. फक्त ती दुसरी आग होती.

मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं सरकारी नोकरीत जो गिळला तो आता निवृत्तीनंतर धुळ्याच्या घरात बाहेर पडतोय, असं आमची ही म्हणते. पण त्या दिवसांत रागाला कारण होतं. मुलगी मेघा पुण्याहून बाळंतपणाला आलेली, नात जेमतेम वीस दिवसांची, आणि जावई प्रशांतराव रोज फोनवर माझ्या घराची तपासणी करत होते. पंखा कुठे आहे, डास किती आहेत, पाणी उकळलं का! जणू याआधी धुळ्यात कोणी जन्मलंच नाही.

एक दिवस व्हिडिओ कॉलवर त्यांना खोलीतला धूर दिसला. धूर अक्काच्या शेगडीचा होता. अक्का म्हणजे माझी आई, वय ब्याऐंशी, माहेर पारोळ्याकडचं, बोली अहिराणी. तिच्या हिशोबाने बाळ-बाळंतिणीला तेलाने चोळून, शेक देऊन, वर ओव्याची धुरी दिली नाही तर ते बाळंतपणच नव्हे.

"बाबा, एवढा धूर बाळाला चालणार नाही," प्रशांतराव म्हणाले. "मी रविवारी येतोय. तोवर हे बंद झालं नसेल तर दोघींना पुण्याला घेऊन जाईन."

पुण्याला! सव्वा महिना व्हायच्या आत! अहो, ती पोर नुकती कुठे माझ्या आवाजाकडे मान वळवायला लागली होती. (ती आवाजाला दचकते, असं हिचं मत आहे.) मला नात हवी होती. दुसरं काहीच नको होतं.

त्यात झड लागलेली. चार दिवस ऊन नाही, आणि घरभर दोऱ्यांवर लंगोट. त्यावर उपाय म्हणून जावयांनी परस्पर कपडे वाळवायचं मशीन पाठवून दिलं. मे महिन्यात ज्या गावात ओला टॉवेल गच्चीवर नेईपर्यंत वाळतो, तिथे ड्रायर! मागच्या खोलीत ते बसवलं आणि सोबत फोनवर सूचना आल्या. जाळीत कपड्यांचा भुगा जमतो, तो दर खेपेला काढा. मालिशची तेलकट फडकी आत टाकू नका. शेवटची दहा मिनिटं मशीन नुसती गार हवा सोडतं, तेव्हा मध्येच बंद करू नका.

"मला शिकवतात!" मी हिला म्हटलं. "यांच्या जन्माच्या आधीपासून मी पाण्याचा पंप चालवतोय."

"पंपात लंगोट घालत होतात का?" ही म्हणाली.

जाळी मात्र मी दर खेपेला साफ केली, हे कबूल करावं लागेल. भुगा चिमटीत धरून मी सगळ्यांना दाखवायचो आणि म्हणायचो, "हा राहिला तर आग लागते, आहे का कोणाचं लक्ष?" कोणाचंच नसायचं. मग मी अजून चिडायचो.

शनिवारी सकाळी मालिशची फडकी संपली. धुतलेली डझनभर होती, पण ओली. धुतली म्हणजे तेल गेलं, असा मी निकाल दिला आणि सगळी मशीनमध्ये कोंबली.

"बाबा, त्यात तेलाची फडकी आहेत का?" मेघाने आतून विचारलं.

"धुतलेली आहेत!"

"धुतली तरी तेल राहतं त्यात, तापलं की आपोआप पेटतं."

"तू आराम कर!"

शेवटची दहा मिनिटं आली. नुसत्या गार हवेसाठी मीटर फिरवायचं? मी मशीन बंद केलं. फडकी चटके बसतील इतकी गरम निघाली. आता ही ऊब वाया का घालवा? अक्काने नातीसाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती. तिच्यात मी सगळी फडकी घट्ट बांधली आणि ते गाठोडं मशीनवर ठेवून दिलं. संध्याकाळच्या मालिशीला पोरीला गरम फडकं मिळेल, या कल्पनेने मला भरून आलं. मी पेपर वाचायला बसलो.

दुपारी वास आला. मग धूर. आणि माझं डोकं सणकलं. उद्या जावई येणार आणि अक्काची धुरी चालूच! मी न्हाणीतली भरलेली बादली उचलली, बाळंतिणीच्या खोलीत शिरलो आणि अक्काच्या पुढ्यातली शेगडी एका दमात विझवली.

फस्सकन वाफ उठली. राख छतापर्यंत गेली आणि तिथून अक्काच्या डोक्यावर, मेघाच्या ताटात आणि माझ्या चष्म्यावर उतरली. नात किंचाळायला लागली.

"किती वेळा सांगायचं?" मी ओरडलो. (रागात मी आईशीही कचेरीची मराठी बोलतो.) "तुझ्या हट्टापायी माझी नात जाईल पुण्याला! हे घर आहे की वीटभट्टी?"

अक्काने पदराने तोंडावरची राख पुसली. धूर मात्र वाढत होता. मी वर्तमानपत्राने तो घालवत होतो आणि तो दारातून पुन्हा आत येत होता. अक्का दाराकडे बघत राहिली, मग शांतपणे म्हणाली,

"शेगडी ते तू इझाडी टाकी. मंग आते हाऊ धूर कसाना शे?"

तेवढ्यात मागच्या खोलीतून हिचा आवाज आला, "अहो, तुमचं गाठोडं पेटलंय!"

मी धावलो. बादली रिकामी होती. मी ती नळाखाली धरली आणि नळाला पाणी नव्हतं, कारण आमच्याकडे पाणी रोज येत नाही आणि साठवलेलं मी नुकतंच आईच्या शेगडीवर ओतलं होतं. मेघाने बाळ छातीशी धरून मेन स्विच पाडला. हिने सांडशीने गाठोडं धरून फरफटत अंगणात नेलं आणि झडीने ते विझवलं. मी सगळ्यांना मागे सरका, मागे सरका असं सांगत होतो.

गोधडीतलं फक्त काठाचं एक चिरगूट उरलं. अक्काने ते उचलून पाहिलं आणि परत खाली ठेवलं. तेव्हा मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मला जास्तच राग येतो.

"प्रशांतरावांना यातलं काही सांगू नका," ही म्हणाली. "भिंत पुसून घेऊ."

मी तोवर फोन लावलाही होता. "तुमच्या मशीनने माझं घर पेटवलं!" मी गरजलो.

त्यांनी विचारलं, "तेलाची फडकी होती?"

"होती."

"मशीन मध्येच बंद केलं?"

"केलं."

"आणि गरम गरम बांधून ठेवली?"

"गोधडीत," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ऐकू येईना.

रविवारी ते गाडी घेऊन आले. काळी भिंत बघितली, मशीन बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. मेघाची बॅग भरायला घ्या म्हणाले. मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. म्हटलं, "ओरडणार नाही, कशाला हात लावणार नाही, पण पोरीला नेऊ नका." जावई अवघडून गेले.

अक्का पुढे झाली. "जावईबापू, पोर आठेच ऱ्हाई. शेगडी मी अंगणमा लई जासू. घरमा धोका फक्त याना शे. याले लई जा."

सगळे हसतील असं मला वाटलं. कोणी हसलं नाही. ही माझे कपडे भरायला गेली.

हे मी पुण्याहून लिहितोय. नात माझी धुळ्यात मजेत आहे. जावयांच्या फ्लॅटमध्येही ड्रायर आहे, आणि ते रोज ऑफिसला जाताना त्या खोलीला कुलूप लावून जातात.