शेवटच्या नावाला बोट उचलायचं

भाचीचा, सुमनच्या लेकीचा, पुण्याहून फोन आला तेव्हा मी सूप मांडीवर घेऊन डाळ पाखडत बसले होते. “मामी, आई गेली,” ती म्हणाली. आणि मी, सत्तरी ओलांडलेली, चार जणींना शहाणपण शिकवणारी बाई, तिला काय विचारावं? “रात्री जेवली होती का ती?” मग भाची म्हणाली, “थोडी पेज घेतली होती, मामी.” मी म्हटलं, “बरं झालं.” … आता पेज घेतली म्हणून काय बरं झालं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

परभणीहून पुण्याला पोचेपर्यंत कोणी थांबणार नव्हतं, आणि माझे गुडघे तर मला जिन्याच्या वर पोचवताना कुरकुर करतात. नातीनं मोबाइल माझ्या पुढ्यात धरला. तिकडं कुणीतरी फोन हातात घेऊन चालत होतं. आधी एक झाड दिसलं, मग कुणाचे बूट, मग आभाळ, मग पांढरं कापड नि पुन्हा बूट. मला एकच वाटत राहिलं, हे सुमननं पाहिलं असतं तर त्या माणसाला तिथंच झापलं असतं. हात स्थिर नसेल तर कॅमेरा खाली ठेवावा, माणसाची शोभा करू नये, असं ती आयुष्यभर सांगत आली. आणि तिचं स्वतःचं शेवटचं दर्शन मी घेतलं ते असं, हलणारं, तुटक… मध्येच चित्र गोठलं आणि परत आलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

सुमन माझी धाकटी नणंद. मी ताडकळसची लेक, परभणीत सून म्हणून आले तेव्हा ती परकरात होती. मॅट्रिक झालेली सून म्हणून माझा नाकाचा शेंडा केवढा वर होता म्हणून सांगू! लग्नात फोटोवाला येणार हे कळल्यावर मी मैत्रिणीचा पावडरचा अख्खा डबा तोंडावर रिकामा केला. गोरी दिसायचं होतं ना. फोटो धुऊन आले. ह्यांचं तोंड व्यवस्थित, भटजींचं व्यवस्थित, मुंडावळ्यासुद्धा मोजून घ्याव्या इतक्या स्पष्ट, आणि माझ्या तोंडाच्या जागी नुसता पांढरा गोळा. नाक कुठं, डोळे कुठं, पत्ता नाही. वर मी सासूबाईंना विचारलं, शालूचा जांभळा रंग का नाही आला. त्या नव्या नवरीची गाठ आज पडली तर मी तिला आधी तोंड धुवायला लावीन.

त्या लग्नात सुमन फोटोवाल्याच्या मागं मागं फिरत होती. पुढं त्याच फोटोवाल्याशी तिचं लग्न झालं. घरातले म्हणायचे पोरगी पसंत पडली; मी म्हणायचे, पोरीला कॅमेरा पसंत पडला, नवरा त्याच्याबरोबर आला. तांबड्या दिव्याच्या खोलीत ती फोटो धुवायला शिकली, नवऱ्याच्या आधी तिला कळू लागलं की कागद पाण्यातून कधी काढायचा. तो लवकर गेला. दुकान तिनं बंद केलं नाही. लग्नांना जायची, मुंजींना जायची. ज्या घरांत बायका परक्या पुरुषासमोर येत नसत तिथं तर तिलाच बोलावणं. “फोटोवाली आपा आली” म्हणत आतल्या बायका पंखा लावायच्या, शीर-खुर्मा पुढं करायच्या. मीसुद्धा एकदा तिच्या पिशव्या धरायला म्हणून गेले आणि खाण्यातच इतकी रमले की तिची छत्री तिथंच विसरून आले.

येलदरीच्या धरणावर आम्ही सगळे गेलो होतो तेव्हाचा एक फोटो आहे. मी ह्यांचा गॉगल डोळ्यांवर चढवून, कमरेवर हात ठेवून दूर क्षितिजाकडं पाहते आहे. काय तो थाट! आणि माझ्या मागं, पाण्यात, माझी डावी चप्पल संथपणे निघालेली आहे. सुमनला ती दिसत होती. “वैनी, हालू नका, लय झकास दिसायलाव,” एवढंच ती म्हणाली. घरी एका चपलेनं आले.

पण तिच्या कामात एक काम असं होतं की तेव्हा ती कधी थट्टा करत नसे. कुणाकडं माणूस गेलं की तिला बोलावणं यायचं. न्यायच्या आधी एक फोटो. पुष्कळ घरांत तोच त्या माणसाचा एकुलता एक फोटो असे, भिंतीवर लावायला दुसरा नसे. सुमन जायची, गेलेल्या माणसाचे केस सारखे करायची, पदर नीट करायची, बाजूच्या रडणाऱ्यांना हळू आवाजात सांगायची, “एवढं क्षणभर थांबा, मग रडा.” आणि लोक थांबायचे. आमच्या गल्लीतल्या किती जणांचा शेवटचा फोटो तिनं काढला असेल… सासूबाईंचा तिनंच, मामंजींचा तिनंच.

फक्त तिच्या दादाचा राहिला. साथीच्या त्या उन्हाळ्यात हे दवाखान्यात गेले ते चालत, पिशवीत पंचा नि गोळ्या घेऊन, मला “दाराला कडी लाव” असं सांगून. नंतर आम्हाला कुणालाच आत सोडलं नाही. जे बांधून नेलं ते हेच, असं म्हणायचं आणि मान्य करायचं. सुमन कॅमेरा गळ्यात अडकवून दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली होती. तिथल्या माणसानं हात जोडले. ती परत आली, कॅमेरा कपाटात ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली. “साऱ्या गावाचे काढले, वैनी,” म्हणाली, “माझ्या भावाचा न्हाई निघाला.” मी उठून कडी लावली.

पुढं मुलानं गावाबाहेर घर बांधलं. गल्ली सुटली. लेक पुण्याला, म्हणून सुमनही आमच्यातच राहायला आली; वरची खोली तिला दिली, जुन्या गल्लीच्या दिशेची खिडकी हवी होती म्हणून. गावात त्या साथीनंतर एक गोष्ट सुरू झाली. मांडव नि डीजेवाल्यांचं काम तेव्हा बंद पडलं होतं आणि त्यांच्याही घरची माणसं गेली होती. वरातीत आभाळात फिरतात ते शार्पी दिवे त्यांनी गल्लोगल्लीच्या गच्च्यांवर चढवले. दरवर्षी एका ठरलेल्या संध्याकाळी, गेलेल्यांच्या आठवणीसाठी, अंधार पडला की गाणं नाही, भाषण नाही, प्रत्येक गल्लीतून उजेडाचा एकेक खांब सरळ वर. ते दिवे एरवी नाचतात. त्या संध्याकाळी ते हलत नाहीत. परभणीला उंच इमारती आहेतच किती! पाण्याची टाकी, मोबाइलचे मनोरे, मशिदीचे मिनार, देवळाचा कळस. त्या सगळ्यांच्या वर ते पांढरे खांब उभे राहिले आणि सुमन खिडकीत येऊन म्हणाली, “टाकीच्या डावीकडला आपल्या गल्लीचा. तिथं दादा हाय.”

तेव्हापासून तिला तो एक फोटो हवा होता. सगळं गाव आणि त्यात आमच्या गल्लीचा खांब. भावाचा राहिलेला फोटो ती त्याला म्हणायची, आणि थट्टा करायची नाही. पण तो काही निघेना. एकदा आमच्याच गल्लीचं जनरेटर बसलं; आजूबाजूला खांब आणि टाकीच्या डावीकडं भगदाड. एकदा ढग खाली आले आणि सगळे खांब अर्ध्यात कापले गेले. नंतर तिच्या हातानं दगा दिला. उजवा हात आधी थोडा कापायचा, मग चहाची बशी वाजू लागली.

अंधारातला फोटो काढायची तिची एक रीत होती. स्टँडवर कॅमेरा, त्याला लांब वायर, वायरीच्या टोकाला बटण. दाबून धरायचं तोवर कॅमेऱ्याचा डोळा उघडा. किती वेळ धरायचं? बाकीचे आकडे मोजतात. सुमन गल्लीतल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. सावकाश, एकेक, हाक मारावी तशी. काशीबाई… रहीमचाचा… गिरणीवाले अप्पा… कोपऱ्यावरची सिंधू… अशी करत शेवटी दादाचं. त्या नावाला बोट उचलायचं. आकडे मोजताना माणूस घाई करतं, नाव घेताना करत नाही, असं तिचं म्हणणं. आणि दाबणाऱ्यानंच नावं घ्यायची. तोंड एकाचं आणि बोट दुसऱ्याचं, हे तिला चालत नसे.

गेल्या वर्षी तिनं वायर माझ्या हातात दिली. “आता तुमचा हात,” म्हणाली. मी फुशारले. पन्नास वर्षं नणंदेला स्वयंपाकात मीठ किती ते सांगितलं, आता तिच्या धंद्यात हात घालायची संधी! खांब उभे राहिले. आमच्या गल्लीचा तर असा सरळ की सुमननं माझा खांदा दाबला. मी बटण दाबलं. काशीबाई म्हटलं, रहीमचाचा म्हटलं, अप्पा, सिंधू, सगळी घेतली. आणि शेवटच्याला येऊन अडकले.

ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आजीनं सांगितलेलं. मॅट्रिक झाले तरी ते काही पुसलं गेलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा मी कार्ड पुढं करायची. तोंड उघडलं तर “हे…” एवढंच बाहेर आलं.

“घ्या की, वैनी.”

“हे…”

“अवो, हे कोण?”

“तुझे दादा.”

“माझा दादा, ते मला म्हाईत हाय. नाव घ्या.” आणि मग अगदी हळू म्हणाली, “आता कुणाचं आयुष्य कमी व्हायचं राहिलंय?”

मी बटण दाबून उभी. बोट उचलायचं ते नावाला, आणि नाव निघेना. नाव नाही तर बोट तरी उचलावं, हेही सुचलं नाही. शेवटी तिनंच माझं बोट आपल्या कापऱ्या हातानं सोडवलं. कॅमेऱ्यात पाहिलं तर टाकी नाही, मिनार नाही, खांब नाहीत. सगळा उजेड सांडून चित्रभर पसरलेला. दुसरा घ्यावा म्हणेपर्यंत दिवे मालवले गेले.

सुमन त्या पांढऱ्या चौकोनाकडं बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं आता रडणार. “गाव तुमच्या लग्नातल्या तोंडावानी झालंय,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी त्या अंधाऱ्या खोलीत हसत सुटलो. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

या वर्षी तिला तपासण्यांसाठी लेकीकडं नेलं. गाडीत बसताना मला म्हणाली, “यंदा तुमीच. नाव पाठ करून ठेवा.” मी म्हटलं, गप ग, तूच येशील तोवर. “आले तर आले,” ती म्हणाली. काच वर गेली. पुण्याहून फोनवर तिचं एकच पालुपद, कॅमेऱ्यावरची धूळ पुसली का, स्टँडच्या मोडक्या पायाची चिंधी सुटली नाही ना. दुखतंय का विचारलं की म्हणायची, “नाव घेऊन दावा बरं.” मी विषय बदलायचे. मग तिचा आवाज बारीक होत गेला, आणि मग ती डाळ पाखडतानाची सकाळ.

तिचा तेरावा झाल्यावर थोड्याच दिवसांत दिव्यांची संध्याकाळ आली. मी कठड्याला धरून वर गेले. नातीला म्हटलं, तू खाली थांब, मला लाज वाटते. खिडकी उघडी होती, स्टँड तिनं लावून ठेवला होता तसाच, टाकीच्या डावीकडं तोंड करून. खांब उभे राहिले. हवेत धूळ होती, म्हणून ते फार ठळक दिसत होते. अशी हवा तिला हवी असायची. मी बटण दाबलं. काशीबाई. रहीमचाचा. अप्पा. सिंधू. आणि मग ह्यांचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, मोठ्यानं. खोलीत ते कसं वेगळंच वाटलं, कुणी परका माणूस आत आल्यासारखं. पण बोट उचललं नाही, कारण शेवटचं नाव आता बदललं होतं. “सुमन,” मी म्हटलं, आणि बोट उचललं. हात जराही हलला नव्हता. मला माझाच अभिमान वाटला, त्या पावडरवाल्या नवरीसारखा.

नातीला हाक मारली. ती धावत वर आली, कॅमेरा इकडून तिकडून दाबून पाहिला. “आजी, याची बॅटरी संपलेली आहे. हा चालूच झाला नव्हता.” मला कमी ऐकू येतं. त्यानं खट् केलं की नाही, मला काय कळणार… बॅटरी सुमनच भरून ठेवायची, आदल्या संध्याकाळी, न चुकता. ती भरावी लागते हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. खिडकीबाहेर पाहिलं तर खांब गेले होते आणि टाकी नेहमीसारखी काळी उभी होती.

तर ह्यांचं नाव मी एकदा घेतलं, आणि ते ऐकायला त्या खोलीत कुणी नव्हतं. इथं छापायला ते देत नाही. तेवढी हिंमत अजून व्हायची आहे.

पुढच्या वर्षी मी असेन की नसेन. दिवे गच्च्यांवर चढतील. त्या दिवशी नातीनं चार्जर शोधून दिला. भिंतीला लावला की त्याचा बारीक लाल दिवा लागतो आणि बॅटरी भरली की हिरवा होतो, मग काढायचं, असं तिनं मला दोनदा समजावलं. मी रोज संध्याकाळी वर जाते, स्टँडच्या पायाची चिंधी घट्ट करते, बॅटरी लावते आणि सुमनच्या खाटेवर बसते. दिवा केव्हाच हिरवा झालेला असतो. खाली मुलगा ओरडतो, बॅटरी खराब होईल म्हणून. होईना. खोलीत तेवढाच उजेड असतो, आणि मला तो काढवत नाही.