पॅनलला हळदकुंकू

अख्ख्या नगर जिल्ह्यात घराला सर्व्हर बसवनारा पहिला वायरमन मीच, हे मी नेवाशाच्या ष्ट्यांडवर छाती ठोकून सांगतो. तो डबा मी उलटा बसवला हुता, हे ष्ट्यांडवर सांगत न्हाई.

शाळा माझी तिसरीपातुर. पन तिसरीत दोनदा बसलो, तवा वर्षं मोजली तर चौथी झाली म्हनायला हरकत न्हाई. पुढं विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरन्या, लग्नातल्या माळा असं करत करत वायरमन झालो. नगर शहरात सावेडीला बंगल्यांची कामं मिळायला लागली तसा मी शर्ट खोचायला लागलो. बायको म्हनली, "शर्ट आत गेला, पन अक्कल अजून भायेरच हाय." तिचं काय मनावर घ्यायचं न्हाई म्हनून मी घेतलं न्हाई. घ्यायला पायजे हुतं.

ज्या बंगल्यात हे झालं तिथं एक रिटायर नर्सबाई एकट्या ऱ्हायच्या. सारी गल्ली त्यांना सिस्टर म्हनायची, म्हनून मी बी सिस्टर. गुडघे गेलेले, पन आवाज वॉर्डातला तसाच. पहिल्या दिवशी मला दारातच हुबं केलं अन् म्हनल्या, "हात धुतलेत का?"

म्हनलं, "सिस्टर, मी वायरी जोडाय आलोय, जेवाय न्हाई."

"मग वायरींना घाण लावणारेस का? जा, नळ तिकडं आहे."

धुतले. रोज धुतले. त्या घरात मी जेवढे हात धुतले तेवढे जन्मात धुतले नव्हते.

तर झालं असं हुतं की पावसाळ्यात एका रात्री अंधारात दिसलं न्हाई म्हनून सिस्टर बाथरूमच्या वाटेवर बटन चाचपडता चाचपडता पडल्या. दूधवाला येईपातुर तशाच फरशीवर. हाडबिड मोडलं न्हाई, पन पुण्याची लेक घाबरली. आई, आता एकटी ऱ्हायचं न्हाई, माझ्याकडं चल, हे तिचं म्हननं. सिस्टर काय ऐकनार? "इथं गल्लीत कुणाला ताप आला तर आधी माझ्याकडं येतात. तुझ्या तिकडं कुणाला शिंक आली तर दारं लावून घेतात. मी नाही यायची." शेवटी लेकीनं एक अट घातली. घर असं करायचं की आईनं खाटेखाली पाय टाकला की वाटेतला दिवा आपसूक लागला पायजे, गिझर, पंखा, पडदे सगळं बसल्या जागेवरून चालू-बंद झालं पायजे, अन् आई उठली, फिरली हे लेकीला पुण्यात मोबाईलवर दिसलं पायजे. दसऱ्याला ती येनार. तवा सगळं चालू दिसलं तर सिस्टर सावेडीत. न्हाई दिसलं, तर बॅग भरून पुणे.

म्हंजी एका म्हातारीचं घर माझ्या हातात हुतं. आता माझे हात कसे हायत ते तुमाला पुढं कळंलच.

ह्या सिस्टीमला केएनएक्स म्हनत्यात. लेकीच्या ऑफिसची सगळी बिल्डिंग तिच्यावर चालायची, म्हनून तिनं तीच निवडली. आपल्या साध्या घरात कसं, बटन दाबलं की करंट बटनातूनच दिव्याला जातो. ह्यात तसं न्हाई. बटनाला एक बारीक हिरवी वायर. बटन तिच्यातून नुसता निरोप धाडतं. पॅनलमधी डबे बसलेले असत्यात, त्यातल्या ज्याच्या नंबरचा निरोप, तो उठतो अन् दिवा लावतो. बाकीचे गप. सर्व्हर म्हंजी भाऊबंदकीतला तो एकच मानूस, ज्याच्याशी दोन्हीकडचे बोलत्यात. एका अंगाला हिरवी वायर, दुसऱ्या अंगाला मोबाईल. हिकडचं तिकडं सांगायचं अन् तिकडचं हिकडं. फरक एवढाच की हा भांडनं लावत न्हाई.

वायरिंग माझं. डोकं पुण्याच्या एका तरन्या इंजिनिअरचं. तो तिकडं लॅपटॉपवर बसायचा, मी हिकडं मोबाईल धरून. मला मामा म्हनायचा. सर्व्हर बसवून मी मोबाईलवर त्याला दाखवला तर म्हनतो, "मामा, अक्षरं उलटी दिसतायत."

"साहेब, इंग्रजी हाय. मला दोन्हीकडून सारखंच."

लई हसला बिचारा. तवा त्याला हसू येत हुतं.

मग त्यानं मला समजून सांगितलं. परत्येक डब्यावर एक बारकं बटन असतंय, शेजारी बारका दिवा. ज्याला नंबर द्यायचा त्याचं बटन मी दाबायचं. लाल दिवा लागला म्हंजी तो डबा कान देऊन ऐकतोय. मग साहेब सर्व्हरमधून आत शिरून त्याला नंबर देनार. नंबर मिळाला की दिवा विझनार, मग पुढचा डबा. मी म्हनलं, "साहेब, एवढं तर आमच्या म्हशीला बी कळंल." म्हशीला कळलं असतं. म्हैस पूजा करत न्हाई.

तर नंबर द्यायचं ठरलं खंडेनवमीच्या दिवशी, म्हंजी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आता खंडेनवमीला हत्याराची पूजा केल्याबिगर आमी कामाला हात लावत न्हाई. बाप नांगराची करायचा, मी पक्कड-टेस्टरची करतो. सकाळीच आंघोळ करून सिस्टरच्या घरी गेलो, पाय धुतले, हात तर धुतलेच. पक्कड, टेस्टर, ड्रिल मशीन सगळं मांडलं, झेंडूची फुलं वाहिली. मग मनात आलं, ह्या वर्षाची भाकरी खरी देतंय ते हे पॅनल. ह्याला कसं इसरायचं?

पॅनल उघडलं, मेन चालू केला. बंद देवाला कोन हळदकुंकू लावतंय? एकेका डब्याला हळदकुंकू एकाच बोटानं, एकदमच. कुठं लावायचं? कपाळ कुठं ते कळंना. मग जिथं बारकं बटन, तिथंच कपाळ धरलं. अन् चमत्कार बघा. बोट टेकवलं की डब्याचा लाल दिवा लागायचा! दुसऱ्याला टेकवलं, त्याचा बी लागला. तिसऱ्याचा बी. मला वाटलं, देव पावला. साहेब म्हनलेच हुते ना, लाल दिवा म्हंजी ऐकतोय. आता सगळेच एकदम ऐकाय बसले. काम किती सोपं झालं! दोन्ही हात जोडले. सर्व्हरला जरा जास्त कुंकू लावलं, कारन तो मोठा.

सिस्टर हॉलमधून वराडल्या, "झाली का तुझी आरती? दुपारी तो पोरगा फोन करणार आहे."

"झाली सिस्टर. असं काम बसंल की पुन्हा उघडायला नगं."

दुपारी साहेबांचा फोन आला. "मामा, सगळं ठीक ना पॅनलमध्ये?"

"एकदम ठीक साहेब. पूजा करूनच बसलोय."

"छान केलंत. पहिल्याचं बटन दाबा. दिवा लागला का?"

दिवा तर आधीपासूनच लागलेला हुता. मग आनखी दाबायचं कशाला? म्हनलं, "लागलाय साहेब, झकास."

तिकडनं लॅपटॉपची टकटक ऐकू आली. मग म्हनले, "मामा, सर्व्हर दिसतोय मला. पण हे म्हणतंय एकापेक्षा जास्त जण ऐकतायत. तुम्ही दुसरी बटनं दाबलीत का?"

"आईशप्पत साहेब, एक बी न्हाई."

मी खोटं बोललो न्हाई. हळदकुंकू लावनं अन् बटन दाबनं ह्या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी हुत्या. देवळात जाऊन तुमी देवाला दाबून आलो म्हनता का?

मग साहेबांनी मला घरभर पळवलं. म्हनले, भिंतीवरचं एखादं बटन ऐकत आसंल, बघून या. बेडरूम बघितली, किचन बघितलं, जिना चढून गच्चीवरचं बघितलं. सिस्टर खुर्चीत बसून माझ्या फेऱ्या बघत हुत्या. "अरे, तू वायरमन आहेस का पोस्टमन?" सर्व्हर बंद करून चालू केला. हिरवी वायर उपसून परत खोचली. तेच. साहेबांचा आवाज रडवेला झाला. शेवटी म्हनले, "मामा, मला वाटतं सर्व्हरच खराब आलाय. दुसरा मागवू, पण तो दसऱ्याच्या आत नाही यायचा."

फोन स्पीकरवर हुता. सिस्टरनी ऐकलं. काठी वर माळ्याकडं केली अन् म्हनल्या, "माळ्यावर एक निळी बॅग आहे. तेवढी काढून दे."

मला जोकर म्हनत्यात गावात, पन त्या टायमाला एक बी जोक सुचला न्हाई. शिडी लावली, बॅग काढली, धूळ झटकली. ठेवायला जागा न्हाई म्हनून पॅनलपाशीच ठेवली. सिस्टर काठी टेकत आल्या, बॅगेची चेन उघडायला वाकल्या, अन् वाकल्या वाकल्या त्यांची नजर उघड्या पॅनलमधी गेली.

"हे लाल लाल काय आहे?"

"कुंकू हाय सिस्टर. खंडेनवमी."

"कुंकू मला कळतं. त्याच्याखाली दिवे पेटलेत सगळे. ते का?"

मी फुशारकीनं सांगितलं, "सकाळीच लागले, बोट लावल्याबरोबर. लाल दिवा लागला म्हंजी तो ऐकतोय. सगळे तयारीत बसल्यात."

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. ज्या पेशंटनं औषध प्यायच्याऐवजी डोक्याला चोळलं, त्याच्याकडं बघत्यात ना, तसं.

"अरे गाढवा, वॉर्डात सगळ्या पेशंटनी एकदम बेल दाबली तर सिस्टरनं कुणाकडं जायचं?"

फोन अजून चालूच हुता. तिकडनं साहेब हळूच म्हनले, "मामा... पूजा करताना बोट नक्की कुठं लावलंत?"

"कपाळाला साहेब."

"डब्याला कपाळ कुठं असतं मामा?"

मी सांगितलं कुठं असतं. मग जे हसू फुटलं त्याचं, की फोन खरखरायला लागला.

सिस्टरनी बॅग काठीनं बाजूला सारली अन् पॅनलपुढं खुर्ची मागितली. मेन बंद करायला लावला. स्पिरिट अन् कापूस काढला. मला म्हनल्या, "हात धू." धुतले. मग एकेका डब्याचं कपाळ मी पुसलं. वाऱ्यानं वाळवून मेन लावला, तरी एक-दोन दिवे रुसून पेटलेलेच ऱ्हायले, ते दाबून विझवले. त्यानंतर ओपीडी सुरू झाली. साहेब नंबर द्यायचे, दिवा विझायचा, अन् सिस्टर वराडायच्या, "नेक्स्ट!" मी पुढचं बटन दाबायचो. मधी मी चुकून घाई केली तर काठी पायावर. "नंबर लागल्याशिवाय आत यायचं नाही!" दिवेलागनीपातुर सगळे डबे नंबरवाले झाले. मग साहेबांनी सर्व्हरला सगळं घर शिकवलं: हे किचन, हा जिना, ही सिस्टरची खाट. सर्व्हर बिचारा पहिल्यापासून चांगला हुता. खराब माल दुसराच हुता.

दसऱ्याला लेक आली. आपट्याची पानं दिली, मी तिच्या पाया पडाय निघालो हुतो, इतका घाबरलेलो. तिला ताई म्हनायचो मी. ताईनं चपला बी नीट काढल्या न्हाईत, सरळ म्हनली, "आई, खाटेवर बस. आता पाय खाली टाक."

पडदे ओढून खोलीत अंधार केला हुता. सिस्टरनी पाय खाली टाकला. खाटेखाली मंद दिवा लागला. दोन पावलं टाकली, पॅसेजमधला लागला. बाथरूमच्या दारात गेल्या, आतला लागला. बटनाला हात न्हाई. ताईच्या मोबाईलवर एकेक खोली उजळत गेली. ताई मोबाईल बघंना, आईकडंच बघत ऱ्हायली. तिनं डोळे पुसले. मी बी पुसले, पन मला घाम आलेला हुता असं समजा.

निळी बॅग परत माळ्यावर गेली. चढवायला मला सांगितलं, अन् ती मी लई आनंदानं चढवली.

श्रीखंड-पुरी झाली. ताई म्हनली, "काका, खरंच, तुमच्यामुळं आई इथं राहतीये."

आता मानसानं अशा टायमाला गप बसावं. पन मी शर्ट खोचला अन् म्हनलं, "ताई, तुमी बिनघोर पुण्याला जा. सिस्टरची काळजी आता माझ्यावर." अन् जोशात दाखवायला सिस्टरच्या मोबाईलवरचं, झोपताना सगळं घर एकदम बंद करायचं 'झोपते' लिहिलेलं बटन दाबलं. पडदे ओढले गेले, पंखा, टीव्ही, दिवे सगळे बंद झाले, अन् श्रीखंडाच्या वाट्यांसकट आमी तिघं अंधारात.

अंधारातनं सिस्टरचा आवाज आला.

"माझ्या पायांचं सोड गं आता. ह्या घराला धोका माझ्या पायांचा नाही, ह्याच्या बोटाचा आहे."