छातीच्या उंचीवर

नगरपालिकेची झाडं मोजता मोजता टेपकाकांचे केस पिकले. नियम सोपा होता. छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळायची. घेर शंभर सेंटिमीटर भरला की झाडाला कोणी हात लावायचा नाही. उंचीसाठी खुणेची काठी मिळायची, पण काका ती कपाटावर टाकून येत. "माझी छाती आहे ना!" म्हणत आणि खुशाल खोडाला मिठी मारत.

शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या पत्र्याच्या दुकानासमोरचा नीलमोहर असाच एकशेदोन भरला होता. तिथे पार्किंग करायचं ठरलं, तशी नव्या इंजिनिअरबाईंनी काकांना काठी देऊन परत पाठवलं. काकांनी काठी खोडाला लावली. खूण त्यांच्या गळ्याशी होती. वयानं पाठ वाकली, छाती खाली उतरली, आणि खाली खोड जाडच असतं! खरा घेर अठ्ठ्याण्णव निघाला.

काका दुकानाच्या पायरीवर बसले. दुपार निळी झाली होती. फुलं आवाज न करता गळत होती, आत शिलाई मशीन चालू होतं. गेल्या दहा वर्षांत आपण चुकून वाचवलेली सगळी झाडं हळूहळू चालत येऊन आपल्याभोवती उभी राहताहेत, असं त्यांना वाटलं. फार बरं वाटलं, आणि तितकीच लाजही वाटली.

"पाणी घ्या, काका," ताई म्हणाल्या. "झाडामुळे कूलर लागत नाही बघा. गिऱ्हाईक सावलीला टेकतं, मग आत डोकावतं."

"आणि झाड गेलं तर?"

"तर दुकान बंद. पत्र्याखाली भाजून घ्यायचं का?"

काकांनी अठ्ठ्याण्णवच लिहिलं. खोटं लिहायला हात वळेना. पण दुसरा अख्खा दिवस पायरीवर बसून त्यांनी जन्मात कधी न भरलेला शेऱ्याचा रकाना भरला: उन्हात एक्केचाळीस अंश, दुकानात तेहतीस. सावलीला थांबलेली माणसं चौसष्ट, आत गेलेली एकोणीस.

शंभरच्या आतल्या झाडाचा निर्णय इंजिनिअरबाईंच्या हातात होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. "शेरे कोण वाचतं, काका?" म्हणत त्यांनी कागद घेतला. ऊन डोळ्यांवर येत होतं. वाचता वाचता त्या दोन पावलं झाडाच्या सावलीत सरकल्या, मग आणखी एक.

"चौसष्ट खोडा, पासष्ट करा," त्या म्हणाल्या. "गाड्यांचं मी दुसरीकडे बघते."