तिच्या नावाचं पाणी

माझी लेक सुजाता काविळीने गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. नर्स होती वाशीमला. जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी बसली आणि तिच्या वेळेला आम्ही नुसते बघत राहिलो. तेव्हापासून मी वंदना म्हणणं सोडलं, विहाराची पायरी सोडली. तिच्या नावाने वंदना आणि दान करायचं, म्हणजे पुण्यानुमोदन, असा विषय घरात निघाला की मी रागाने उठून जायची. 'गेली' हा शब्द मी तोंडातून काढलाच नव्हता.

श्रीलंकेची सहल तिनेच ठरवली होती, आम्हा दोघींची. माझा पासपोर्टही तिनेच काढला. निघायच्या दिवशी मेडशीच्या स्टँडवर आमचे हे म्हणाले, "आता कायले जातं व? जिच्यासंगं जायचं होतं..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "ती येऊन राह्यली माह्यासंगं," म्हटलं आणि तिचा फोटो पिशवीत टाकून वाशीमच्या बायकांसोबत निघाले.

देश मोठा गोड. नारळीची झाडं, अंगाला चिकटणारा उकाडा, एकाच रस्त्यावर विहार, मशीद, चर्च आणि तमिळ लोकांचं देऊळ. बायका हरखून गेल्या होत्या. मी मात्र कोरडीच.

अनुराधपूरजवळच्या एका विहारात सुजाताचा फोटो छातीशी धरून मी बुद्धमूर्तीसमोर उभी राहिले, पाठ मूर्तीकडे करून. आपल्याकडे सगळे असेच फोटो काढतात. तिकडे तो मोठा अपमान समजतात, हे मला काय ठाऊक! पहारेकरी धावत आला, ओरडला. मीही भडकले. "फोटोच तं काढून राह्यली ना बापा! काहून वरडतं?" सोबतच्या बायका लाजेने बाजूला झाल्या.

तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या, माझ्याच वयाच्या एका बाईने माझं कोपर धरलं आणि हळूच मला मूर्तीकडे वळवलं. मग फोटोवर बोट ठेवून तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माही पोरगी. गेली वो बाई... गेली."

तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिचे डोळे मात्र भरले. त्या दिवशी ती तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावाने दान देत होती, हे गाईडने मला नंतर सांगितलं. भंतेजींसमोर तिचं घरदार बसलं होतं. सगळ्यांनी मिळून एका झारीला हात लावायचा आणि वाटी भरून सांडेपर्यंत पाणी ओतायचं, हे पुण्य मेलेल्या माणसाला पोचो म्हणून, अशी तिकडची रीत. तिने मला आपल्या शेजारी नेऊन बसवलं, स्वतःचा हात थोडा सरकवला आणि माझा हात झारीवर ठेवला. भंतेजींची पाली गाथा सुरू झाली, आमच्या विहारात म्हणतात तशीच. पाणी सांडलं आणि मी वर्षभराचं रडले.

आमच्या धम्मात चमत्काराला जागा नाही, मीही त्याला चमत्कार म्हणत नाही. पण स्वतःच्या दुःखाच्या दिवशी त्या माउलीने परक्या बाईसाठी जागा केली. तिचं नावही मी विचारलं नाही. तिचं भलं होवो. आपल्या हातून जे सुटलं ते मुठीत धरून ठेवता येत नाही, एवढं तिने मला शिकवलं.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "सुजीच्या पुण्यानुमोदनाचं पाहा आता." हे खाली बसले आणि लहान लेकरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. माझ्यापायी त्या माणसाने वर्षभर रडणं अडवून धरलं होतं.