मोठ्या सिस्टर आणि पहिलीचे बाक

बाक, डेस्क, फळ्यांच्या चौकटी, होस्टेलची कपाटं, चॅपलचं दार. आणि काल मोठ्या सिस्टरची शवपेटी.

या मुलींच्या शाळेतलं सगळं सागवान माझ्या हातचं आहे. खिळा कुठंच नाही. सगळे सांधे लाकडी खुंटीचे.

सिस्टर, शाळेच्या मुख्य नन, केरळातून इथं आल्या तेव्हा शाळा कापसाच्या जिनिंगच्या जुन्या गोडाऊनमध्ये भरायची. जीपच्या मागच्या फळीवर बसून त्या पार धाड गावापर्यंत शाळेसाठी पोरी मागत फिरायच्या.
लोक म्हणायचे, बाटवतील.
आधी आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरी गेल्या. पाटलांच्या नंतर.

मराठी त्या होस्टेलच्या स्वयंपाकीणबाईंकडून शिकल्या. शिक्षणाधिकाऱ्यालाही "बसा बे" म्हणायच्या. तो बसायचा.

मी सुतारकाम कोणाकडे शिकलो नाही. मोडकी खुर्ची सोडवून, परत जोडून शिकलो.

माझा पहिला बाक सिस्टरनी परत पाठवला.
डगमगत नव्हता. तरी परत.
पहिलीतली एक पोरगी त्यावर बसवली अन् मला म्हणाल्या, "पाय पाह्य तिचे. जमिनीले टेकले काय? तू दिवसभर असा लटकून बसशीन काय बे?"

तेव्हापासून दर जूनला हेच. नव्या पोरी ओळीनं बसवायच्या आणि त्यांचे पाय टेकेपर्यंत नव्या बाकांचे पाय कापायचे. माझी मुलगीही त्या ओळीत बसली.

मग गावोगाव इंग्लिश मीडियमच्या व्हॅन यायला लागल्या. पोरी घटत गेल्या. संस्थेनं शाळा बंद करायचं ठरवलं, जागाही विकली.

या जूनला पहिलीत कोणीच नव्हतं. तरी मला बोलावणं आलं. सिस्टर खाटेला खिळलेल्या. मी विचारलं, कोणाच्या मापानं कापू?

सिस्टर म्हणाल्या,

"कापू नको. पुसून ठेव."

पुसून ठेवले.

शवपेटीला त्यांच्याच खोलीतल्या कपाटाच्या फळ्या लावल्या. रंधा मारला, पॉलिश नाही. चकाकी त्यांना आवडत नसे.

आज माती देऊन निघालो तर जागा घेणाऱ्या बिल्डरचा माणूस गेटवर उभा. म्हणाला, खुंट्या तुम्हालाच ठाऊक, लाकूड न फोडता तुम्हीच सोडवून द्या. नाहीतर आम्ही घणानं फोडू.

फोडतील. मला माहीत आहे.

सिस्टर, शेवटचा जयभीम.

सगळं सोडवून द्यायचे बिल्डरचा माणूस दीड लाख देत होता. मी नाही म्हणालो. तुम्ही 'पुसून ठेव' म्हणाला होतात.