गच्चीवरच्या सळया

सेनगावच्या ज्युनिअर कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गात खऱ्या व्याजाचा विषय निघाला की माझा आवाज उगाच चढतो. बँक जे देते त्यातून महागाईनं खाल्लेलं वजा करायचं, उरेल ते खरं व्याज. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यापायी आमच्या घरातलं एक माणूस कायमचं बाहेर राहिलं.

माझा धाकटा भाऊ जपानला नोकरीला गेला तेव्हा ठरलं होतं, की घरखर्च निव्वळ व्याजावर निघेल एवढी रक्कम साठली की त्यानं परत यायचं. आई आधीच गेलेली, माझं लग्न जमलं नाही, त्यामुळे घरात अण्णा आणि मी. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्लॅब टाकताना त्याच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया गच्चीवर उभ्या ठेवल्या. गंजू नयेत म्हणून दर उन्हाळ्यात ते त्यांना सिमेंटचं पाणी लावायचे. मी त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालायची.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचा सवाल एकच. "तिथली बँक काहीच देत न्हाई, इथली बरं देते. मंग हे पोरगं पैसे तिथं काहून ठेवून राहिलं?"

पोरगं हुशार. दर दसऱ्याला फोनवर मला म्हणायचं, "आक्का, इथं व्याज न्हाई, पण इथल्या हॉटेलातला रश्श्यातल्या शेवयांचा वाडगा मी आलो तेव्हा जेवढ्याला होता तेवढ्यालाच हाय. तू तुरीच्या डाळीचा भाव सांग." मी सांगितला की तो हसायचा आणि माझं डोकं फिरायचं, कारण त्याचं बरोबर होतं. त्याचा पैसा वाढत नव्हता, पण घटतही नव्हता. इथला वाढायचा आणि तरी बाजारात कमी पडायचा. मग तो म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. आम्ही तिघंही मोठे शहाणे! व्याज गेलं खड्ड्यात, तू ये, असं एकदाही कोणाच्या तोंडून निघालं नाही.

अलीकडे चित्र पालटलं. तिथला वाडगा महागला, बँक मात्र हात आखडूनच बसली. इथलं व्याज महागाईच्या थोडं पुढं सरकलं. यंदाच्या दसऱ्याला मी हिशेब पुन्हा पुन्हा तपासला आणि अण्णांना शेजारी बसवून फोन लावला.

"हिशेब जमला रे! आता खरं व्याज इथंच जास्त. सगळं घेऊन ये."

त्यानं माझा हिशेब ऐकून घेतला. मग म्हणाला, "आक्का, इथल्या येनचा भाव बघितला का? मी साठवलं त्याचे रुपये आता पहिल्यासारखे येत न्हाईत. व्याजाचं तुझं बराबर हाय, पण रक्कमच आटली."

"मग पुढच्या वर्षी?"

"बघू," तो म्हणाला. ह्या वेळी पुढच्या वर्षाचं नाव त्यानं घेतलं नाही.

दोन-चार दिवसांनी कॉलेजातून घरी आले तर गच्चीवर ग्राइंडरचा आवाज. वेल्डिंगवाला सळया कापत होता आणि अण्णा बाजूला उभे होते. मी भांडलेच. न विचारता कशाला कापल्या, असं ओरडले.

"पाणी मुरून राहिलं त्यातून," ते म्हणाले. "किती दिवस सिमेंट लावू?"

मला रडू आलं, ते त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं. खाली वाकून त्यांनी कापलेल्या टोकांवरून हात फिरवला आणि वेल्डिंगवाल्याला सांगितलं, "बराबर घासून घे बाबा. कोणाच्या पायाला लागंल."

कोणाच्या? घरात आम्ही दोघंच, आणि त्या सळया कुठं कुठं आहेत हे आम्हा दोघांना झोपेतही ठाऊक होतं.