मामांचा अंगठा

विद्यापीठाच्या प्राणिघरातले मामा एकतीस वर्षं उंदीर मारत होते. शेपटी धरायची, मानेवर अंगठा दाबायचा, एक हिसका, कट्. शोध मेंदूचा असो की कॅन्सरचा, शेवटी तपासायला मेलेला उंदीर लागायचा आणि पडदा मामांच्याच हातांनी उघडायचा.

एका सकाळी संशोधक बाई वैतागून आल्या. दोन वर्षांचे आकडे जुळत नव्हते. "मामा, तुम्ही मारता कुठे?"

"इथंच, पिंजऱ्यांसमोर. त्यांना काय फिरायला नेऊ?"

"बाकीच्या उंदरांना मेलेल्याचा वास येतो. भीतीनं त्यांचं रक्तच बदलतं. मी औषध तपासत नव्हते मामा, तुमची दहशत मोजत होते. आता एकच संधी उरलीय."

नवे चाळीस उंदीर आले, औषध देऊन झालं. मामांनी ते शेजारच्या खोलीत, दार लावून, एकेक करून मारले. दर खेपेला कोपरापर्यंत हात घासले. दुपारपर्यंत कातडी सोलवटून रक्त आलं.

"हातमोजे घाला की."

"त्यातून मान कळत नाही, बाई. अर्धवट मेला तर तडफडतो."

चाळिसावा उंदीर थरथरला नाही, चावलाही नाही. मामांच्या तळहातावर बसून मिशा पुसू लागला. आकडे जुळणार, हे मामांना तिथेच कळलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा अंगठा अडखळला. मग कट्.